दुसऱ्या भागातली बाई

"मान वर. आणखी थोडी. हां, आता बोलू नको," इसिडोर म्हणाला.

ल्युसी बोलत नव्हतीच. वाकोल्यातल्या घरामागच्या अंगणात ती स्टुलावर बसली होती आणि तिच्या डोक्यावर भाताचा टोप उपडा घातलेला होता. टोप पिक्चरमधल्या मंगळावरच्या शास्त्रज्ञबाईचं शिरस्त्राण म्हणून होता. समोर बांबूंना ताणून बांधलेलं बॅनरचं कापड तिला फक्त मागून दिसत होतं.

"त्या टोपात अजून भात व्हायचा हाय," सासू पर्पेच्युआ ओट्यावरून म्हणाली. ती बोंबील साफ करत होती. "मेबल बसायची तेव्हा मी बोलायची नाय. ती हलायचीच नाय ना."

इसिडोर अंधेरीच्या एका थिएटरचे बॅनर रंगवायचा. कंपनीकडून फोटो यायचे ते पोस्टकार्डाएवढे, काळेपांढरे. त्यावर चौकटी आखून तो कापडावर चित्र मोठं करायचा. चेहरा नीट दिसत नसला, की घरातलं माणूस समोर बसवायचं, ही त्याची रीत. पाच वर्षांपूर्वी मंगळाच्या पिक्चरचा पहिला भाग आला, तेव्हा नटीचं अर्धं तोंड शिरस्त्राणात गेलेलं होतं. त्याने मेबलला, त्याच्या पहिल्या बायकोला, बसवलं. पब्लिकला काही कळलं नाही. पुढच्या वर्षी मेबल काविळीने गेली. बॅनर त्याआधीच पावसाळ्यासाठी कुणाच्या तरी छपरावर गेला होता.

आता दुसरा भाग आला होता. लग्नाला तीन वर्षं होत आली, पण घरकामापलीकडचं काही नवऱ्याने आपल्याकडे मागावं, असं ल्युसीच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं. सकाळी तिने केस दोनदा विंचरले होते. टोपाखाली ते दिसणार नाहीत, हे तिला माहीत होतं.

"वयनी, कशाला एवढा त्रास?" क्लेमेंट म्हणाला. हा धाकटा दीर कॉलेजात फिजिक्सचा डेमॉन्स्ट्रेटर होता. थिएटरच्या लोकांसाठी झालेल्या खेळाचे पास इसिडोरला मिळाले होते. तो स्वतः पिक्चर कधी बघत नसे, म्हणून क्लेमेंट आणि ल्युसी जाऊन आली होती. "आख्खा पिक्चर कॉपी आहे. तोच सेट, तोच भोंगा, तोच दरवाजा. शेवटचा स्फोट तर पहिल्या भागातली रीळ कापून जोडलीय. धूरसुद्धा त्याच बाजूला वळतो. आणि मंगळावरच्या विरळ हवेत धूर असा वळतो का?"

"स्फोट तोच होता. मीपण ओळखला," ल्युसी ओठ न हलवता म्हणाली. "पण बाई ती नव्हती."

"नटी बदलली. काम तेच."

"काम तेच कुठे? पैल्या भागात हवा संपते नि ती यंत्र नीट करायला एकटी बाहेर जाते, मरते. ही नाय म्हणते. सगळ्या गावाला पाळी लावते, आज तू जा, उद्या तू. नळावर लावतात तशी."

"म्हणजे एवढा खर्च करून त्यांनी आपल्या नळावरच्या रांगेचा पिक्चर काढला." क्लेमेंट हसला. मग म्हणाला, "बरं, तेवढं नवीन. पण गावातले सगळे तिला जुन्या बाईच्या नावानं हाक मारतात, ते खटकलं नाय तुला?"

"खटकलं ना. तिलापण."

कापडावर फिरणारा इसिडोरचा कोळसा क्षणभर थांबला, मग पुन्हा चालू लागला.

दुपारनंतर थिएटरचा मॅनेजर चंद्रप्रकाश आला. रंग चढत होता. त्याने ल्युसीकडे पाहिलं, मग टोपाकडे. "हे काय, भाभी? इसिडोर, सांगितलं ना तुला, जुनाच चेहरा काढ. सेकंड पार्ट बघायला कोण येतो? फर्स्ट पार्टवाला. त्याला नवीन बाई दाखवली तर साला विचारेल, ही कोण?"

"पिक्चरमध्ये नवीनच आहे," क्लेमेंट म्हणाला.

"पिक्चर तिकीट काढल्यावर दिसतो, प्रोफेसर. बॅनर आधी दिसतो."

ल्युसीकडे पाहायचं, कापडाकडे वळायचं, पुन्हा पाहायचं, असं इसिडोरचं चाललं होतं. इतका वेळ तिच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. तिची मान भरून आली होती, पण ती हलली नाही.

मग ओट्यावरचा बोंबील साफ करण्याचा आवाज थांबला. पर्पेच्युआ उठून कापडासमोर आली आणि तिने ओला हात कपाळाला नेला, छातीला नेला, खांद्यांना लावून क्रुसाची खूण केली. क्लेमेंटने मान फिरवली. फक्त चंद्रप्रकाश म्हणाला, "झकास. हेच तर बोलत होतो मी."

ल्युसी टोपासकट उठली आणि कापडाला वळसा घालून पुढे आली.

शिरस्त्राणातून मेबल पाहत होती. देव्हाऱ्याशेजारच्या फोटोतली रुंद हनुवटी, डाव्या भुवईतली जुन्या खोकेची खूण, सगळं जागच्या जागी होतं. रंग अजून ओला होता.

"मी तुझ्याकडेच बघत होतो," इसिडोर म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता, हे ल्युसीला दिसत होतं. तो स्वतःच्या हाताकडे पाहत होता.

तिने टोप काढून स्टुलावर ठेवला.

"ही पैल्या भागातली," ती म्हणाली. "या भागात ही नाय."

"राहू दे गो," पर्पेच्युआ म्हणाली. "किती दिवसांनी दिसली."

"दिसली खरी, आय." ल्युसी इसिडोरकडे वळली. "तुला ठेवायची असेल तर ठेव. कोण काय बोलणार नाय. पण मग मना बसवू नको."

चंद्रप्रकाशने घड्याळ पाहिलं. "शुक्रवारी रिलीज आहे, यार. घरचं घरात बघा. गुरुवारी माणूस येईल, बॅनर तयार पाहिजे." तो गेला.

इसिडोरने चिंधी रॉकेलमध्ये बुडवली. हनुवटीपासून सुरुवात करून तो पुसत वर गेला. डोळे त्याने शेवटी पुसले. शिरस्त्राणाच्या आत करडा, लांबट गोल उरला. त्यावर त्याने पांढऱ्याचा हात फिरवला, ब्रश खाली ठेवला आणि टोप उचलून स्टूल सरळ केलं.

"बस," तो म्हणाला. "उजेड आहे अजून."

ल्युसीने त्या पांढऱ्या गोलाकडे पाहिलं.

"आज नको. आजच्या दिवस मोकळं राहू दे. उद्या सकाळी बसते."

संध्याकाळी चर्चची घंटा झाली. रोज पर्पेच्युआ आतल्या देव्हाऱ्यापुढे जपमाळ म्हणायची. आज तिने क्लेमेंटला खुर्ची अंगणात ठेवायला सांगितली आणि कापडाकडे तोंड करून बसली. घरातली रीत अशी, की प्रत्येक प्रार्थनेचा पहिला अर्धा तिने म्हणायचा आणि उरलेला इसिडोरने. तिने पहिला मणी धरला, आपला अर्धा म्हटला आणि थांबली. इसिडोर तिच्या मागे भिंतीला टेकून उभा होता. त्याचे ओठ हलले, पण आवाज आला नाही.

ल्युसी पदराला हात पुसत बाहेर आली, सासूच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसली आणि उरलेला अर्धा तिने म्हटला. पर्पेच्युआने वळून पाहिलं नाही. तिने बोटं पुढच्या मण्यावर नेली.