निरभ्र

भिकाजीने बॅटरी सुपात घालून अंगणात आणली आणि सुकत घातलेल्या बांगडा मासळीच्या शेजारी, चटईच्या टोकाला ठेवली. विटेहून मोठी, तांबड्या पुठ्ठ्याची बॅटरी. एका बाजूने ऊन खाऊन झालं तशी त्याने ती दुसऱ्या कुशीवर वळवली, तान्ह्या पोराला वळवावं तशी.

"जरा मीठ पण लावा तिका," राधाबाई चुलीपुढून म्हणाली. "पावसात कालवणाक होयत."

"तुका काय कळता त्यातला? ऊन लागला काय तिच्यात थोडो जीव येता."

"होतो तो जीव त्या चांदणीपायी कोणी घालवलो, ता सांगा आधी."

भिकाजीने कावळा हाकलल्यासारखं केलं. कावळा नव्हता.

चांदणी म्हणजे रशियाने आभाळात सोडलेला गोळा. दसऱ्यानंतर ती बातमी आली आणि तेव्हापासून रोज पहाटे भिकाजी रेडिओला कान लावून बसू लागला. तो गोळा डोक्यावरून जाताना टिवटिवतो आणि ती टिवटिव ज्याच्याकडे रेडिओ आहे त्याला ऐकू येते, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. बारा पहाटा गेल्या. एकदा त्याला टिवटिव ऐकू आली. राधाबाईच्या मते ती चिचुंद्री होती.

मुंबईत वीस वर्षं रेडिओ दुरुस्त करून, छाती खराब झाली म्हणून तो गावी परतला, तेव्हा गावाने त्याला दोन आठवड्यांत नाव देऊन टाकलं. बिनतारी. त्यालाही ते आवडलं असावं. संध्याकाळी त्याच्या पडवीवर माणसं जमत आणि तो पुढच्या काळाचा हिशेब मांडी. माणूस चंद्रावर जाणार. चूल न पेटवता, एक कळ दाबली की भात शिजणार. ("आणि टोप कोण घासतलो?" असं आतून येई.) प्रत्येकाच्या खिशात टेलिफोन असणार.

"म्हंजे दर्यात असलंय तरी बायल हाक मारतली," बाबली तांडेल म्हणे. "नको रे बाबा तुजो तो काळ."

पडवी हसे. भिकाजीही हसे, पण मत बदलत नसे.

एक गोष्ट मात्र त्याने बोलून नव्हे, वही ठेवून सिद्ध केली होती. दर्यात जायचं की नाही, हे गाव पिढ्यान्‌पिढ्या रवळनाथाला विचारी. लवू गुरव देवाच्या अंगाला दोन पाकळ्या पाण्याने चिकटवी. उजवी आधी गळली तर जावं, डावी गळली तर होड्या वर ओढाव्या. भिकाजीने वहीत दोन रकाने पाडले, एक कौलाचा, एक रेडिओच्या हवामानाचा, आणि दोन वर्षं रोज कोण खरं ठरलं ते टिपलं. रेडिओ बराच पुढे गेला. मालवणच्या बंदरावर वादळाचा बावटा चढला तरी खाडीच्या या बाजूने दिसत नसे, त्यामुळे लोकांनाही ते सोयीचं पडलं. यंदा तर होडीवाल्यांनीच कोल्हापूरहून नवी बॅटरी मागवून दिली. अट एकच घातली: बातम्या आणि हवामान, बाकी काही नाही.

एवढ्यावर भिकाजी थांबता तर बरं होतं. पण त्याला यंत्राची नजर. एकदा भर पडवीवर तो बोलून गेला, "देव खंयचो बोलता? पाणी बोलता. लवू ज्या पाकळयेक पाणी जास्त लावता, ती मागे रवता."

ते खरं होतं. लवू पाकळ्या लावण्याआधी देवळामागच्या दरडीवर उभा राहून बराच वेळ आभाळ बघे, पाण्याचा रंग बघे, बगळे कुठल्या बाजूला चाललेत ते बघे, आणि मग बोटं बुडवी. जुन्या माणसांना हे ठाऊक असणारच. पण ठाऊक असणं वेगळं आणि पडवीवर हसणं वेगळं. त्या दिवसापासून लवूला कोणी विचारायला गेलं नाही. तोही संध्याकाळी पडवीच्या कोपऱ्यात येऊन बसे, पान चघळी आणि उठून जाई.

त्या संध्याकाळीही तो बसला होता. बाबली पायरीवर उभ्याउभ्याच म्हणाला, "काय बिनतारी, निरबर?"

निरभ्र हा शब्द गावाला रेडिओने दिलेला. पहिल्यांदा ऐकला तेव्हा कोणाला कळला नव्हता. आता कोणी बरा आहेस का विचारलं तरी माणसं निरबर म्हणत.

"बस. आता कळतला."

भिकाजीने उन्हात तापवलेली बॅटरी जोडली, कळ फिरवली. खरखर झाली. खूप दूरवरून, विहिरीच्या तळातून यावा तसा बाईचा आवाज आला. "...कोकण किनारपट्टीवर आकाश..."

आणि आवाज विझला.

भिकाजीचा कान रेडिओला टेकलेला होता. पडवीवर सगळे पुढे वाकले होते. त्यांना इतकंही नीट ऐकू आलं नव्हतं. होडीवाल्यांची अट त्याला आठवली, बारा पहाटा आठवल्या. आतल्या दाराशी राधाबाई येऊन उभी राहिली होती. आणि ते वाक्य पुढे कसं जातं ते त्याला पाठ होतं; गेले पंधरा दिवस ते रोज तसंच गेलं होतं.

त्याने कान काढला.

"आकाश निरभ्र राहील," तो रेडिओतल्या बाईच्या शुद्ध मराठीत म्हणाला. "समुद्र शांत."

"बरा झाला," बाबली म्हणाला. "फाल्यां सकाळीच जरा भायर जातंव. काठाक कायएक गावणा नाय."

लवूने पश्चिमेकडे पाहिलं. तिथे आभाळ सुरमईच्या पाठीसारखं झालं होतं, आणि बगळ्यांची एक रांग खाडीवरून आत, डोंगराकडे निघाली होती. तो उठला. बाबलीजवळ येऊन थांबला. मग पान थुंकला आणि "चलतंय" म्हणून गेला.

भिकाजीने वही काढली. तारीख घातली. रेडिओच्या रकान्यात लिहिलं, निरभ्र. कौलाचा रकाना, अलीकडे नेहमी असे तसा, रिकामा.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा उठला तो तिसऱ्या पहाटेला पडला. बाबलीच्या होडीत चौघे होते. तिघांचे देह चार दिवसांत काठाला लागले, एक तर अगदी देवळाखालच्या खडकात. बाबली आला नाही. होडीची एक फळी तेवढी आली.

बारा दिवस झाले. बाबलीची बायको सुभद्रा कपाळावर कुंकू लावूनच पाण्याला जात होती. बायका तिच्याकडे बघत आणि घागरीत बघत. तेराव्याचं करायचं तर माणूस गेला असं कोणीतरी म्हणायला हवं, आणि म्हणणार कोण? शेवटी जाणत्यांनी ठरवलं, देवाला विचारायचं. बाबली आहे म्हणून उजवी, नाही म्हणून डावी.

देवळात गाव जमला. सुभद्राचा निरोप आला म्हणून भिकाजीही गेला. वही घेऊन या, असा निरोप होता. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच देवळाची पायरी चढत होता, पण त्यावर कोणी काही बोललं नाही. कोपरखळी मारायची तर ती बाबलीनेच मारली असती.

लवूने पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा रवळनाथा, बारा पाचाच्या म्हाराजा, ह्या लेकरू आज तुज्या दारात उभा आसा..."

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या कपाळाचा काय ता तू सांग, आणि जा काय सांगशीत ता सोसूची ताकद दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

पाकळ्या गळेनात. समईतलं तेल दोनदा घातलं. उन्हाची तिरीप उंबऱ्यावरून सरकून खांबापर्यंत गेली. दोन्ही पाकळ्या तशाच.

"देव आज बोलणा नाय," लवू खाली बघून म्हणाला.

सुभद्रा वळली. "भावोजी, वही हाडलास?"

"हाडलंय."

"आदल्या सांजेक रेडिओच्या पेटयेन काय सांगल्यान, ता वाचा."

भिकाजीने पान उघडलं. चष्मा नीट केला, तो नीटच होता.

"निरभ्र."

"आयकलास?" ती सगळ्यांना म्हणाली. आवाज स्वच्छ होता, बारा दिवस मनात घोळवून ठेवलेला. "पेटी खोटा सांगणा नाय. ह्या भावोजींनी दोन वर्सां लिवन काढलानी. मगे भायर दर्यात निरबरच होता. वावझड इली ती काठाक. हे भायर होते. खालती गोव्याक लागले असतले, फिरंग्यान धरून ठेवल्यान आसात. माका कोणी कुकू पुसूक सांगा नको."

"आसात गो बाय, आसात," एक म्हातारा म्हणाला.

"गेल्या साली वेंगुर्ल्याची एक होडी नाय अडवल्यानी?" दुसरा म्हणाला.

माना हलू लागल्या. वाट निघाली होती आणि तिच्यावरून सगळ्यांना घरी जाता येणार होतं. भिकाजीलाही. वही मिटायची एवढंच.

"वैनी," तो म्हणाला. "पेटी त्या सांजेक बोलाक नाय. अर्ध्या वाक्यात मेली. बॅटरी मी... त्या चांदणीपायी..."

सुभद्राने वहीकडे बोट दाखवलं.

"मगे निरबर म्हणान बोल्लो कोण?"

भिकाजीचं बोट त्या शब्दावर होतं, ते त्याने उचललं नाही.

लवू उठला. गाभाऱ्यात गेला, आणि नखाने दोन्ही पाकळ्या देवाच्या अंगावरून सोडवल्या. चिंब होत्या, पाणी त्याच्या मनगटावरून ओघळलं. बाहेर येऊन त्याने त्यातली एक भिकाजीच्या उघड्या वहीवर ठेवली, त्या तारखेपुढच्या रिकाम्या रकान्यात. कागद भोवतीने ओला होत गेला.

"माका कोणी विचारूक नाय," तो म्हणाला. "पण मी बघलेलंय. बगळे आत चल्ले होते."

सुभद्रा पुढे झाली. वहीतलं अक्षर तिला वाचता येत नव्हतं. तिने पाकळीकडे पाहिलं.

"डावी?"

लवूने होकाराची मान हलवली.

मागे बसलेल्या बायका एकेक करून उठल्या. सुभद्राने कुंकू पुसायला पदराचं टोक शोधलं, ते हाताशी लागेपर्यंत जरा वेळ गेला.