चव्हाट्यावरचं कुलूप

घरात तिला सगळे बेबी म्हणत. वयाची पस्तिशी आली, हॉस्पिटलच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिच्या एका आवाजावर वॉर्डच्या वॉर्ड हलायचे, तरी घरी ती आपली बेबीच. जन्मापासून तिला दिसत नव्हतं, म्हणून घरच्यांनी तिला तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं. दादा सकाळी स्कूटरवरून कामावर सोडायचा, संध्याकाळी आणायचा. वहिनी तिचे कपडे रंग जुळवून खुर्चीवर काढून ठेवायची आणि जेवणाआधी तिचे सोशल मीडियावरचे निरोप तिला वाचून दाखवायची.

फोनवरचं ते ॲप बेबीला कधी नीट साधलंच नाही. बोलून दाखवणारा आवाज बटणांच्या आणि जाहिरातींच्या गर्दीत अडखळायचा. म्हणून तिचं खातं वहिनीच्या फोनवर उघडलेलं असायचं. पासवर्ड म्हणजे दादाची जन्मतारीख, ती घरात सगळ्यांना तोंडपाठ. सुरुवातीला वहिनी विचारायची, काय लिहू म्हणून. पुढे पुढे तेही राहिलं. वहिनी मनाची चांगली, पण चांगुलपणाचाही काच होतो.

एक दिवस दुपारच्या सुट्टीत मैनेचा फोन आला. मैना ही तिची अंध मुलींच्या वसतिगृहातली मैत्रीण. तोंडाचा पट्टा दिवसभर चालू, म्हणून हे नाव. आता दुसऱ्या शहरात प्रोग्रामर होती. आवाजात राग होता.

"इतकी मोठी जागा तू एका ओळीत नाकारलीस? निदान कारण तरी लिहायचंस."

बेबीला कळेना, कसली जागा. मग मैनेनं उलगडून सांगितलं. तिच्या शहरातल्या एका नव्या हॉस्पिटलला एक्स्चेंजची प्रमुख हवी होती. मैनेनं बेबीचं नाव सुचवलं आणि तिला सविस्तर निरोप पाठवला. उत्तर आलं होतं, 'आभारी आहे, पण मला एकटीला जमणार नाही.' खाली हात जोडल्याचं चित्र.

हे उत्तर वहिनीनं लिहिलं होतं, हे बेबीच्या लगेच लक्षात आलं. त्या जागेबद्दल तिनं ऐकलंही नव्हतं आणि ती तिच्याच तोंडानं नाकारून झाली होती.

घरी जाऊन भांडावं असं क्षणभर वाटलं. पण ती वहिनीला ओळखून होती. वहिनी रडली असती, दादानं समजूत घातली असती आणि शेवटी चूक बेबीचीच ठरली असती. मैनेला तिनं एवढंच विचारलं, जागा अजून आहे का. होती. पण अर्ज, प्रश्नोत्तरं, पगाराचं बोलणं सगळं लेखी व्हायचं होतं, आणि लिहिलेलं प्रत्येक अक्षर वहिनीच्या हातात पडणार होतं. नवा पासवर्ड ठेवला तर तो बदलल्याची सूचना आधी वहिनीच्याच फोनवर वाजली असती.

"घरी कॉम्प्युटर आहे ना?" मैना म्हणाली. "मग मी केलेलं कुलूप वापर."

कुलूप हे मैनेनं लिहिलेल्या प्रोग्रामचं नाव. त्याला ना चित्रं, ना बटणं. एक काळी खिडकी, तिच्यात आपण एक ओळ हुकूम लिहायचा, तो एका ओळीत उत्तर देणार आणि कॉम्प्युटरचा आवाज ते वाचून दाखवणार. एक्स्चेंजवर आयुष्य काढलेल्या बेबीला ही रीत घरच्यासारखी वाटली. समोरच्यानं मोजकं बोलावं, आपण ऐकावं आणि पुढचा नंबर जोडावा, तसंच हे. सोशल मीडियावरचा निरोप आणायचं आणि पोचवायचं कामही तोच करायचा, पण जाताना निरोपाचा असा भुगा करून पाठवायचा की वाटेत कुणाला त्याचा पत्ता लागू नये.

मैनेनं समजावलं, "माझं उघडं कुलूप मी तुला देते. तुझा निरोप आत ठेवून ते दाबायचं. लागलं की तुलाही उघडता येणार नाही, माझ्या किल्लीनंच उघडेल. तुझं कुलूप तू मला दे. कुलूप चव्हाट्यावर टांगलंस तरी चालेल, किल्ली मात्र कुणाला द्यायची नाही."

बेबीनं हुकूम पाठ केले. सुट्टीच्या दिवशी, दादा पेपर वाचत असताना आणि वहिनी कुकर लावत असताना, ती इअरफोन घालून कॉम्प्युटरपुढे बसली. किल्लीसाठी तिनं एक लांबलचक वाक्य ठरवलं होतं. मैनेचा निरोप आला, तिनं वाक्य टाइप केलं. कानात आवाज आला, किल्ली चुकली. पुन्हा टाइप केलं, पुन्हा चुकली. हिरमुसून ती उठणार, तेवढ्यात बोट कॅप्स लॉकवर गेलं. ते दाबलं जाताच आवाज म्हणाला, कॅप्स लॉक बंद; म्हणजे इतका वेळ तो चालू राहिला होता. तिनं वाक्य परत लिहिलं.

इअरफोनमधला यांत्रिक आवाज सपाट सुरात वाचू लागला, "बेबे, ऐकू येतंय का? आत्ता या जगात हे फक्त तुला ऐकू येतंय."

बेबीनं दोन्ही हातांनी इअरफोन कानांवर घट्ट दाबून धरले. वसतिगृह सुटल्यापासून तिच्यासाठी लिहिलेला प्रत्येक शब्द आधी दुसऱ्याच्या नजरेखालून आणि मग दुसऱ्याच्या तोंडून तिच्यापर्यंत यायचा. हा मधे कुठेच न थांबता आला होता. तिनं तो पुन्हा ऐकला. मग दोघींनी आधी कामाचं काहीच लिहिलं नाही. वसतिगृहातल्या वॉर्डनबाईंची यथेच्छ टिंगल केली.

संध्याकाळी वहिनी फोन घेऊन तिच्याशेजारी बसली आणि वाचायला लागली, "क्यू, सात, अधिकचं चिन्ह, डब्ल्यू... अगं, मैनेच्या फोनला काही झालंय का? पानभर असलंच आहे. आणि तुझ्या नावानंही गेलंय!"

दादा म्हणाला, नक्की कुणीतरी खातं फोडलं.

"फोडलं नाही, दादा," बेबी म्हणाली. "मी कुलूप लावलंय."

वहिनीनं फोन खाली ठेवून विचारलं, "आमच्यापासून? आम्ही परके झालो का?"

"परके नाही, वहिनी. पण 'मला जमणार नाही' हे माझ्या नावानं तुम्ही लिहिलंत. जमतं की नाही, ते मला माझ्या तोंडानं सांगू द्या."

वहिनी उठून आत गेली. दोन-तीन दिवस तिचं बोलणं कामापुरतंच होतं. बेबीलाही घास गोड लागला नाही, पण काळी खिडकी तिनं बंद केली नाही. अर्ज गेला, मैनेनं प्रश्न विचारून तिची तयारी करून घेतली. मुलाखतीला दादानं सोबत यायचं ठरवलं, तेव्हा ती म्हणाली, स्टेशनपर्यंत ये, पुढे मैना आहे. मुलाखतीत तिला एकाच वेळी चार लाइन सांभाळायला लावल्या. चारही माणसांचे आवाज तिनं वेगळे ओळखले आणि रागावलेल्याला आधी शांत केलं. जागा तिला तिथंच मिळाली.

घरी येऊन तिनं दारातूनच सांगितलं. दादानं डोळे पुसले आणि लगेच पेढ्यांच्या गोष्टी सुरू केल्या. वहिनीनं पाण्याचा पेला तिच्या हातात दिला आणि ती आत गेली.

निघायच्या आदल्या दुपारी बेबी बॅग भरत होती. वहिनी दार लोटून आत आली.

"माझा फोन तुझे दादा उघडतात," ती हळूच म्हणाली. "वाईट मनानं नाही. मी कधी हरकतच घेतली नाही. पण बहिणीला काही लिहायचं तर दहादा विचार करते. ते तुझं काळं काय ते, मला येईल?"

बेबीनं बॅग बाजूला सारली, वहिनीला कॉम्प्युटरपुढे बसवलं आणि स्वतः मागे उभी राहिली. वहिनीची अक्षरं चुकत होती. बेबीला पडदा दिसत नव्हता आणि वहिनीला हुकूम येत नव्हते, असं दोघींचं मिळून ते जमलं. किल्लीचं वाक्य लिहायची वेळ आली तेव्हा बेबी इअरफोन काढून खोलीबाहेर जाऊन थांबली.

"झालं," आतून वहिनीचा आवाज आला. एवढा मोठा आवाज तिनं त्या घरात कधी काढला नव्हता.

नव्या शहरात बेबीच्या हाताखाली आठ ऑपरेटर होते. ते तिला मॅडम म्हणत. एका दुपारी वहिनीचा पहिला कुलूपबंद निरोप आला. बेबीनं तो उघडला, ऐकला, आणि अशी खो खो हसत सुटली की आठही जण हातातल्या लाइन धरून थांबले.

काय झालं मॅडम, कुणीतरी विचारलं.

"ते आमच्या दोघींचं आहे," बेबी म्हणाली आणि वाजत असलेला फोन उचलला.