नळीतलं औषध

आयसीयूच्या हेड सिस्टरला सगळे पाठीमागे 'हवालदार' म्हणायचे आणि तिला ते ठाऊक होतं. असू दे. लाडकं नाव मिळवायला ती नोकरीला लागली नव्हती.

चार नंबरच्या खाटेवर एक गवंडी होता. विटा झेललेले ते राकट पंजे चादरीवर निपचित पडले होते. ऑपरेशननंतर रक्तात जंतू शिरले होते, आणि तेही असे निर्ढावलेले की नेहमीच्या औषधांना भीक घालत नव्हते. लॅबनं कळवलं होतं, एकच बरं औषध अजून चालेल, पण मात्रा मोठी आणि पुरती हवी. ते सुरू करून तिसरा दिवस झाला तरी ताप हटेना.

मोठे डॉक्टर म्हणाले, आता राखून ठेवलेलं शेवटचं औषध सुरू करू. ते जंतू मारायचं, पण जाता जाता किडनीही खायचं. आणि गवंड्याला किडनी एकच होती. दुसरी त्यानं थोरल्या बहिणीला दिली होती. ती बाहेर बाकावर बसून होती. सकाळी तिनं हेड सिस्टरचा हात धरला होता, "त्याच्या किडनीला काही झालं तर माझ्यातली ही परत काढून त्याला घाला."

"ताई, ती काय उसनी शिडी आहे का, परत द्यायला?" असं म्हणून हवालदारनं तिला गप्प केलं होतं. पण मनात एकच घोळत होतं. लॅब म्हणते चालेल, मग चालत का नाही?

दुपारच्या डोसच्या वेळी ती खुर्ची ओढून खाटेशीच बसली. बाटली रिकामी झाली, औषध मोजून सोडणारा पंप वाजला. नव्या सिस्टरनं झटक्यात नळी काढली आणि कचऱ्याच्या डब्याकडे हात नेला.

"थांब."

लांबलचक नळीत औषध तसंच होतं. हवालदारनं ते सिरिंजमध्ये ओढून मोजलं. अठरा मिली. शंभरातले अठरा. तीन दिवस, दिवसातून तीनदा, जवळजवळ पाचवा हिस्सा डब्याला पाजला होता.

नवी रडवेली होऊन म्हणाली, भिंतीवर तसंच लिहिलंय. लिहिलं होतंच: पंप वाजला की नळी काढा, पंप पुढच्या खाटेला द्या. पंप कमी होते तेव्हाचा कागद. अक्षर हवालदारचं स्वतःचं.

दुसरं कुणी असतं तर कागद गुपचूप फाडला असता. हॉस्पिटलात चुका अशाच मुरतात. वरचा झाकतो, खालचा शेकतो. ती मात्र कागद आणि सिरिंज घेऊन सगळ्यांदेखत मोठ्या डॉक्टरांपुढे उभी राहिली. नियम माझा, चूक माझी, पोरीला बोलायचं नाही, हे आधीच सांगून टाकलं.

"माजलेल्या जंतूंना आपण अर्धवट मार देतोय, डॉक्टर. नळीतलं सलाइननं ढकलून आत घालते. एक दिवस द्या."

डॉक्टरांनी रिपोर्ट पुन्हा वाचला. उद्या सकाळपर्यंत, म्हणाले; बीपी जरा घसरलं तर तासभरही थांबणार नाही.

बीपी घसरलं नाही. सकाळी ताप दोन अंशांनी खाली आला होता, लघवीची पिशवी व्यवस्थित भरत होती. केसपेपरवर लिहून ठेवलेलं शेवटचं औषध डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं खोडलं.

"शिडी तुमच्याकडेच ठेवा," तिनं बाहेर येऊन बहिणीला सांगितलं. बहीण रडता रडता हसली.

आत सात नंबरचा पंप वाजला. नवी सिस्टर नळीला हात न लावता आधी सलाइन जोडत होती.