रिकाम्या खुर्चीपुढे हलवलेली मान

मेकअपच्या टेबलावर अकरा वस्तू होत्या. एक आरसा, पावडरचे दोन डबे, काजळाची डबी, टिकल्यांचं पाकीट, तीन कंगवे, केसांवर मारायचा फवारा, चहाचा उष्टा पेला आणि एक स्पंज. स्पंज सगळ्यांत मिळून एकच. दुपारी भविष्य सांगणारे ज्योतिषी, शनिवारी पाककृती दाखवणारी बाई आणि रोज संध्याकाळी बातम्या वाचणारी नीरजा, सगळ्यांची तोंडं त्याच एका स्पंजाने रंगायची. नीरजा रसायनशास्त्राची एम.एस्सी. पहिल्या दिवशी तिने तो स्पंज उजेडात धरून पाहिला, त्यात तिला तीन वेगळ्या माणसांचे केस सापडले, आणि दुसऱ्या दिवसापासून ती घरून धुतलेलं फडकं आणू लागली. निर्माता मकरंद त्यावर म्हणाला होता की बाईंचं सोवळं आलं.

वाहिनीचं नाव ‘बेळकु’, म्हणजे उजेड. १९९६ सालचं बंगळूर, शिवाजीनगरच्या बस स्थानकामागची एक अरुंद इमारत. खाली रेक्झिनची दुकानं, दुसऱ्या मजल्यावर स्टुडिओ. आसपासच्या भागात केबलवर संध्याकाळी अर्धा तास कन्नड बातम्या दिसायच्या, त्याही थेट. नीरजाचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या याच गावातलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. मकरंद पुण्याहून जाहिरातींच्या धंद्यातून आलेला. तिच्याशी तो मराठीत बोलायचा आणि तिच्या मराठीला हसायचा. “तुझं मराठी म्हणजे सांबारात बुडवलेली पुरणपोळी,” असं तो पाहुण्यांसमोर सांगायचा. त्याने पडद्यावरच्या तिच्या नावातला ‘बाई’ काढून टाकला होता. नीरजाच्या समाजात आईपासून पणजीपर्यंत साऱ्याजणी नावापुढे ‘बाई’ लावत. मकरंदच्या मते त्याने मोलकरीण डोळ्यांपुढे येत होती.

हे सगळं ती गिळत होती, कारण तिला हे काम हवं होतं. दोन वर्षांत ती या कामात तरबेज झाली होती. शिवाय सहा महिन्यांत बातम्या उपग्रहावरून राज्यभर जाणार होत्या आणि चेहरा तिचाच राहील, असं मकरंदने कबूल केलं होतं.

मग नळांच्या कारखान्याची बातमी आली. ती तिनेच आणली, कारण कारखाना तिच्याच गल्लीच्या टोकाला होता. तिथे पितळी नळांवर क्रोमचा चकचकीत मुलामा चढवत. मागच्या भिंतीतून एक पाइप उघड्या गटारात सुटायचा, आणि तिथून चाळीस पावलांवर मारुतीच्या देवळापाशी गल्लीची बोअर होती. महापालिकेचं पाणी यायचं तेव्हा यायचं. एरवी सगळी गल्ली बोअरवर. उन्हाळ्यापासून बादलीत साठवलेल्या पाण्याला पिवळी झाक दिसायला लागली. शेजारच्या ठकुबाईंच्या नातीच्या, हर्षिताच्या, तोंडात फोड आले ते जाईनात. नीरजाने दारोदारी सांगून लोकांना ते पाणी प्यायचं थांबवायला लावलं आणि कॅमेरा घेऊन कारखान्यात गेली.

मालकांनी तिला ऑफिसात बसवलं. टेबलावर केसरीभाताची, म्हणजे केशरी शिऱ्याची, बशी होती. बोलता बोलता ते बोटांनी तो उचलत, बोटं चाटत आणि तीच बोटं टेबलावरच्या नळांवरून फिरवून ते किती गुळगुळीत आहेत ते दाखवत. तिने विचारलं, पाइपातून काय जातं? ते म्हणाले, पाणी. पाणी पिवळं का? ते म्हणाले, ऊन पडलं की सगळंच पिवळं दिसतं. आम्ही त्याची चाचणी करू का, या प्रश्नावर त्यांनी चहा मागवला. शेवटी ते म्हणाले की आमच्या आसपासचं पाणी शुद्ध आहे, आमचे कामगारसुद्धा तेच पितात. मग त्यांना फोन आला आणि ते उठून गेले.

कॅमेरा एकच. तो सारा वेळ मालकांवर होता. अशा वेळी मुलाखत संपल्यावर कॅमेरा उलटा फिरवतात. पाहुणा नसतो, बातमीदार रिकाम्या खुर्चीकडे बघून तेच प्रश्न पुन्हा विचारतो आणि ऐकत असल्यासारखी मान हलवतो. पुढे जोडकामात पाहुण्याचं बोलणं कुठे कापलं तर त्या भेगेवर ही मान चिकटवायची. कॅमेरामन हरी या प्रकाराला नुसतं ‘मान’ म्हणायचा.

“मॅडम, चार माना द्या,” तो म्हणाला. “एक स्वल्प मोठी.”

नीरजाने दिल्या. खुर्चीवर केसरीभाताचा एक कण पडला होता. त्याच्याकडे बघत तिने एकदा गंभीर, एकदा भुवया उचलून, दोनदा सावकाश मान हलवली. तिला हे छान जमायचं. हरी म्हणायचा की मॅडमच्या माना कुठेही बसतात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती थेट बातम्या वाचत होती. कारखान्याची फीत सुरू झाली तशी तिने समोरच्या लहान पडद्याकडे पाहिलं. तिचे तिन्ही प्रश्न गायब होते. गटार नव्हतं, पाइप नव्हता. मालक म्हणाले, आमच्या आसपासचं पाणी शुद्ध आहे. नीरजाने गंभीरपणे मान हलवली. आमचे कामगारसुद्धा तेच पितात; नीरजाने भुवया उचलून मान हलवली. मग चकचकीत नळातून पाण्याची धार, आणि तिची ती मोठी, सावकाश, पटल्याची मान. फीत संपली. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला आणि तिला पुढची बातमी वाचावी लागली. वाचताना तिला आपली मान वेगळी जाणवत होती, कुणीतरी वापरून परत आणून ठेवलेल्या भांड्यासारखी.

बातम्या संपल्यावर जाहिराती लागल्या. पहिली त्याच नळांची होती.

सकाळी बोअरवर रांग होती. पंधरा दिवस कोरडा पडलेला चौथरा ओला झाला होता. ठकुबाई कळशी भरून उभ्या होत्या, आणि शेजारी हर्षिता स्टीलच्या पेल्यातून पाणी पीत होती. नीरजाने पेला तिच्या हातातून घेऊन ओतून टाकला. पोरगी रडायला लागली.

“काय गं हे,” ठकुबाई म्हणाल्या. “काल तूच पाहिलंस, तूच मान डोलावलीस. टीव्हीत एक आणि दारात एक?”

नीरजाने समजावून सांगितलं. मालक समोर नव्हतेच, खुर्ची रिकामी होती, मान नंतर घेतली होती. सांगता सांगता तिलाच ते खोटं वाटायला लागलं. समोर माणूस नसताना मान कशाला हलवायची, असं मागच्या बाईने विचारलं. रांगेतला कुणी तरुण म्हणाला, कोले बसव. दारोदार फिरणारा नंदीबैल. ढोलकं वाजलं की मान हलवणारा. चारदोन जण हसले.

“हसू नका रे तिला,” ठकुबाई म्हणाल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “नीरू, माझा तुझ्यावर विश्वास आहे गं. पण गल्लीचा टीव्हीवर आहे. तिथं बोललीस ते तिथंच पूस. इथं माझ्या कानात सांगून रांग मोडत नाही.”

रांग मोडली नाही. नीरजाने घरी येऊन एक काचेची बाटली उकळून घेतली आणि परत जाऊन बोअरचं पाणी भरून आणलं.

दुपारी ती मकरंदसमोर उभी राहिली. तो पानमसाला चघळत होता. कोपऱ्यातल्या डब्यात थुंकायचा त्याचा नेम अर्ध्या वेळा चुकायचा, आणि भिंतीवर त्याचा लाल-तपकिरी नकाशा झाला होता. तिने सुधारणा मागितली. मूळ मुलाखत आहे तशी दाखवा, नाहीतर निदान दोन वाक्यं वाचू द्या.

“सुधारणा पेपरवाले छापतात,” तो म्हणाला. “टीव्हीवर गेलं ते गेलं. हवेत विरलं.”

“पाणी हवेत विरत नाही, सर.”

“हे बघ. बातम्यांचे प्रायोजक कोण ते तुला माहितीये. मान तुझी, तू दिलीस, कुणी धरून हलवली नाही. आणि एकही शब्द मी तुझ्या तोंडी घातला नाहीये. घातलाय?” तो हसला तेव्हा त्याच्या दातांच्या फटी दिसल्या. “सॅटेलाइटवर जायचंय ना? मग तिथे मान जास्त लागते.”

सगळ्यांत किळसवाणी गोष्ट ही की त्याचं बोलणं नेमकं होतं. तिने स्वतःशी तपासून पाहिलं आणि त्यात एकही चूक सापडली नाही. मूळ फीत मागितली तर ती पुसून वापरली गेली होती, ज्योतिष्यांच्या कार्यक्रमासाठी.

ती तिथून निघून आपल्या जुन्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेली. तिचे सर, जयतीर्थ, अजून तिथेच शिकवत होते. ती संशोधन सोडून टीव्हीवर गेली तेव्हा ते तिच्याशी वर्षभर बोलले नव्हते. कालची बातमी त्यांच्याकडेही दिसली होती. बाटली पाहून त्यांनी फक्त विचारलं की नमुना कुणी घेतला, कशात घेतला, केव्हा घेतला. मग एप्रन दिला आणि म्हणाले, सरी, ठीक आहे, तूच कर, मी बघतो.

पाण्यात आम्ल घालून त्यावर एका द्रावणाचे थेंब टाकायचे. घातक जातीचं क्रोमियम असेल तर जांभळा रंग येतो. जितकं जास्त, तितका गडद. नंतर यंत्रात त्या रंगातून उजेड सोडून किती अडला ते मोजायचं. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे शून्य पूर्णांक शून्य पाच मिलिग्रॅमपर्यंत चालतं, म्हणजे डोळ्यांना जेमतेम गुलाबी. नीरजाने थेंब टाकले आणि नळी जांभळाच्या रसासारखी झाली. यंत्राचा काटा टोकाला जाऊन थांबला. तिला हर्षिताचा पेला आठवला. मग आकडा काट्याच्या मापात यावा म्हणून तिने नमुना दहापट पातळ केला आणि सगळं पहिल्यापासून केलं. तीनदा केलं. तिन्ही आकडे जुळले. जयतीर्थांनी चौथ्यांदा स्वतः केलं, तोही जुळला.

“माझं नाव सांगितलंस तरी चालेल,” ते म्हणाले.

संध्याकाळी तिने तोंडाला काहीच लावलं नाही. हरीने कॅमेऱ्यातून पाहिलं आणि म्हणाला, मॅडम, चेहरा चमकतोय. असू दे, ती म्हणाली. तिने त्याला काय करणार आहे ते सांगितलं, कारण कॅमेरा त्याच्या हातात होता आणि उद्या नोकरीचा प्रश्न त्यालाही पडणार होता. हरीने थोडा वेळ भिंगाचं टोपण बोटांत फिरवलं. मग म्हणाला की त्याचं काम चौकट धरण्याचं. ती हलणार नाही एवढं तो बघेल.

पहिल्या दोन बातम्या तिने समोरच्या कागदांवरून वाचल्या. मग कागद पालथे केले. काचेपलीकडे मकरंद फोनवर होता. त्याची पाठ तिच्याकडे होती. ती कन्नडमध्ये, रोजच्याच आवाजात बोलू लागली. काल आमच्या बातम्यांत पाणी शुद्ध असल्याच्या विधानावर मी मान हलवताना दिसले. ती मान मुलाखत संपल्यावर, रिकाम्या खुर्चीपुढे हलवलेली होती. माझे प्रश्न कापलेले होते. काचेवर हाताचा पंजा आपटल्याचा आवाज झाला. हरीची चौकट हलली नाही. नीरजाने मान ताठ ठेवली. आज मी आणि माझे शिक्षक जयतीर्थ यांनी मारुतीच्या देवळाजवळच्या बोअरचं पाणी तपासलं, ती म्हणाली. पिण्याच्या पाण्यातली क्रोमियमची मर्यादा लिटरमागे शून्य पूर्णांक शून्य पाच मिलिग्रॅम. या पाण्यात ते भरलं एक पूर्णांक चौऱ्याऐंशी शतांश मिलिग्रॅम.