आधी दाखवायचं घर

आमचं घर विकायला काढलं, तेव्हा एजंट दर रविवारी गिऱ्हाईक आणायचा. बायको सकाळपासून फरशी पुसायची, मी स्वयंपाकघरातल्या गळक्या नळाला फडकं बांधायचो. लोक यायचे, बेडरूममध्ये डोकावायचे, खिडकीतून समोरची भिंत बघायचे आणि "कळवतो" म्हणून जायचे. कळवलं कुणीच नाही. एजंट मात्र खुशीत असायचा.

शेवटी माझी सटकली. मी त्याला जिन्यात गाठलं. "एक गिऱ्हाईक टिकत नाही आणि तुम्ही हसताय कसले?"

"टिकतात की," तो शांतपणे म्हणाला. "तुमचं घर आधी दाखवलं, की नंतरचं कुठलंही घर लोकांना आवडतं. वरचे दोन मजले असेच खपले. तुमच्या घराचे फार उपकार आहेत."

मी त्याला हाकलून दिलं. घर स्वस्तात मेव्हण्याच्या गळ्यात मारलं आणि आम्हीच उपनगरात घर शोधायला निघालो. नव्या एजंटने एका फ्लॅटची बेल वाजवली. ओल्या फरशीवर एक बाई पाण्याचे ग्लास घेऊन उभी होती. आत नळाला फडकं बांधलेलं होतं.

एजंट आम्हा दोघांच्या कानाशी लागला. "हे नुसतं बघून घ्या. खरं घर पुढे आहे."

बायकोने पर्स सोफ्यावर ठेवली. "पुढचं राहू द्या," ती म्हणाली. "हेच घेतो."

मी आत जाऊन नळ बघितला. फडक्याची गाठ माझ्यापेक्षा चांगली मारली होती.