कपाळावरचे दोन हात

मित्रांनो, मी एक जुनी व्हॅन आहे. वर्ध्याजवळच्या आंजी गावात, भैय्याजींच्या गोठ्याशेजारी कडुनिंबाखाली उभी असते. माझ्या मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालते आणि आरशाला दोडक्याच्या वेलाने विळखा घातला आहे. आपली कहाणी सगळे मोठ्या तोऱ्यात सांगतात. मला ती सांगताना लाज वाटते, पण तरीही सांगणार आहे.

माझे पहिले मालक वर्ध्याच्या कॉलेजातले प्रभाकरराव. रोज सकाळी ते मला ओल्या फडक्याने पुसत आणि खड्डा आला की माझ्याऐवजी स्वतःच "आई गं" म्हणत. त्यांच्यानंतर मी भाड्याने धावू लागले. आठांच्या जागी चौदा माणसे कोंबून मला दामटले गेले. गिअरचे दाते झिजले, तळ गंजला, आणि एक दिवस मी जुन्या गाड्या विकणाऱ्या अण्णाजींच्या दुकानात येऊन पडले. ते साल १९९९ होते.

अण्णाजींनी मला नटवले. गंजलेल्या जागी लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर पांढराशुभ्र रंग मारला. किलोमीटरचा काटा मागे फिरवला. गिअरबॉक्स ओरडत होता, तर त्यात तेलाबरोबर आरामशिनीवरचा लाकडाचा भुसा कोंबला. भुशाने दात्यांचा आवाज दबतो, पण थोडेच दिवस. वरून कीर्तन, आतून तमाशा! आणि खरे सांगू का? मला ते आवडले होते. सहा महिने कोणी माझ्याकडे ढुंकून पाहिले नव्हते. आता येणारा-जाणारा थबकत होता. मी खुशाल फुगले.

अशात भैय्याजी आले. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर पिकवून वर्ध्याच्या बाजारात नेणारा माणूस. पण त्यांचे खरे नाव होते ते बैलांच्या पारखीत. पंचक्रोशीत कोणालाही जोडी घ्यायची असली की तो आधी भैय्याजींच्या दारात यायचा. त्यांनी "घे" म्हटले की घ्यायची, "राहू दे" म्हटले की राहू द्यायची. गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला सोबत ने, असे गावात लोकांनी सुचवलेही होते. "बैल घ्याले गेलो तं कोनाले नेतो का मी?" एवढे बोलून ते एकटेच आले.

त्यांनी मला बैलासारखेच पाहिले. भोवती दोनदा फिरले, चाके खुरांसारखी दाबून पाहिली, मला चालवायला लावून मागून माझी चाल निरखली. ते येण्याआधीच अण्णाजींनी माझे इंजिन तापवून ठेवले होते, त्यामुळे मी एका किल्लीत सुरू झाले. मग भैय्याजी म्हणाले,

"सेठ, आता हिच्या कपाळावर हात ठेवून खोड सांगा."

बैलबाजारातली ही त्यांच्याकडची जुनी रीत. विकणारा जनावराच्या अंगावर हात ठेवून त्याची खोड सांगतो. मारका असेल तर मारका, बसका असेल तर बसका. तसा हात ठेवून कोणी खोटे बोलत नाही आणि हात ठेवल्यावर कोणी उलटतपासणी करत नाही. तो विकणाऱ्याचा अपमान होतो.

अण्णाजींनी हसत माझ्या कपाळावर तळहात ठेवला. "खोड कायची भाऊ? गाय हाये गाय!"

भैय्याजींनी मान डोलावली. इंजिन सीटखाली असते. ती सीटही त्यांनी उचलायला लावली नाही. मित्रांनो, तेव्हा मी एकदा जरी खरखरले असते तरी तो भला माणूस सावध झाला असता. पण मला त्या दुकानातून सुटायचे होते. मी गोड आवाजात घुरघुरत राहिले. हे माझे पाप.

गावात मनकर्णाबाईंनी, म्हणजे भैय्याजींच्या बायकोने, माझ्या कपाळाला कुंकू लावले, नारळ फोडला. "भैय्याजीनं पाह्यली म्हंजे पाह्यली," असे म्हणत अख्खे गाव मला हात लावून गेले. त्या कौतुकाने मला सुख व्हायला हवे होते. मला घाम फुटत होता.

नवव्या दिवशी, वांग्यांच्या पाट्या भरून निघालो असता, गावापासून कोसभरावर भुसा संपला. मी अशी किंचाळले की रस्त्याकडेच्या बाभळीवरचे बगळे उडाले. मग खटकन काहीतरी तुटले आणि मी थांबले. भैय्याजींनी घरून बैल मागवले. त्यांनीच पारखलेली, गावात नावाजलेली ती जोडी माझ्यापुढे जुंपली आणि भर बाजाराच्या दिवशी, दहा वाजताच्या उन्हात, मला दोराने ओढत गावात आणले. चौकात कोणीतरी ओरडले, "काऊन भैय्याजी, गाडीचे दात नाई पाह्यले का?"

सगळे हसले. भैय्याजीही हसायला गेले, पण त्यांना हसू आले नाही.

ते अण्णाजींकडे गेले, रिकाम्या हाताने परतले. गोठ्यात बसून मनकर्णाबाईंना सांगत होते, ते मी ऐकले. "तो म्हनते, गाडी का बैल हाये? कपाळावर हात ठेवल्यानं का होते? लिहून घेतलं होतं का?"

"मंग लाज त्याले वाटाले पायजे," बाई म्हणाल्या. "तुमी काऊन मान खाली घालून राह्यले?"

पोळ्याच्या आधी दरवर्षी त्यांच्या दारात चपलांचा ढीग असायचा. त्या वर्षी एकही माणूस आला नाही. पुढच्या वर्षीही नाही. ज्याला गाडी ओळखता आली नाही त्याला बैल काय ओळखता येणार, असा लोकांचा हिशेब. ते बाजाराच्या दिवशी उगाच माझ्याजवळ येऊन उभे राहायचे आणि परत जायचे. ऊन, पाऊस, गंज मी सोसला. ते उभे राहणे सोसवले नाही.

तिसऱ्या वर्षी मला विकायला काढले, तेव्हा समुद्रपूरचे बापूजी मला पाहायला आले. आदल्या दिवशी गावातला मिस्त्री म्हणाला होता, "भैय्याजी, जुने दाते बसवून थोडा भुसा टाकून देतो, खपून जाईन." मी श्वास रोखून ऐकत होते. भैय्याजींनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावले.

बापूजींनी विचारले, "कशी हाये गाडी?"

भैय्याजी पुढे आले. धुळीने माखलेल्या माझ्या कपाळावर, फिकट झालेल्या कुंकवाशेजारी, त्यांनी हात ठेवला. "गिअरबॉक्स मेला हाये. तळ सडला, वरून लांबी हाये. काटा फिरवेल हाये. मले फसवून देल्ली, अन् मी फसलो. पाह्याले गेलो तं तिले बैल समजून पाह्यलं."

बापूजींनी त्यांच्या हाताकडे पाहिले. मग म्हणाले, "गाडी नाई घेत मी. पन घरी जोडी घ्याची हाये. येत्या बाजारात येता का मह्यासंग?"

भैय्याजींनी तोंड फिरवले आणि डोळे पुसले. "येतो," म्हणाले.

मला कोणी विकत घेतले नाही, आणि त्याचे मला वाईटही वाटले नाही. बाजाराच्या पहाटे ते बापूजींबरोबर निघाले, तेव्हा जाता जाता माझ्या कपाळावर थोपटून गेले.

तर मित्रांनो, गाडी घेताना मिस्त्रीला जरूर न्या, सीट उचलून आत पाहा. ते करण्यात कोणाचा अपमान नाही. पण एखादे दिवशी तुम्हीही काहीतरी विकायला उभे राहाल. तेव्हा त्या वस्तूवर हात ठेवून तिची खोड आधी सांगा. आम्हाला तोंड नसते. आमच्या वतीने तुम्ही खोटे बोललात, तर ती लाज आम्हाला गंजून जाईपर्यंत अंगावर बाळगावी लागते.