शेवाळाचे सोबती

वैष्णवीनं शेवाळ शुद्ध करायला घेतलं आणि तिथंच माशी शिंकली.

शहरातल्या सात रस्ता चौकाजवळच्या कॉलेजात ती संशोधन करत होती. करमाळ्याजवळच्या आपल्या गावच्या तळ्यातलं नीलहरित शेवाळ तिनं काचेच्या चंबूत वाढवलं होतं. त्यातलं थोडं घरच्या मिरचीच्या कुंडीत ओतलं, तर मिरची अशी तरारली की शेजारच्या कस्तुराबाई येता-जाता थांबून बघायच्या. ही करामत शेवाळाची, की त्याला चिकटून राहणाऱ्या जिवाणूंची? हे कोडं तिला काही केल्या स्वस्थ बसू देईना. म्हणून औषध घालून तिनं जिवाणू मारले आणि शेवाळ एकटं ठेवलं. ते दिवसेंदिवस पिवळं पडायला लागलं. आधीचा साठा वैष्णवी बाईसाहेबांनी स्वतःच उत्साहाच्या भरात ओतून दिलेला, आणि गावचं तळं बुजवून तिथं प्लॉट पडलेले. हे गेलं की कायमचंच गेलं.

मग तिला कुंडी आठवली. ते जिवाणू त्या मातीत असणारच! तिनं आईला, बजाबाईला, फोन केला. "कुंडीतली माती न्यायला येतेय. कॉलेजात पाहिजे."

घरी पोचते तर काय, कुंडी घासून लख्ख आणि आत चाळलेली नवी माती!

"वर समदी हिरवी बुळबुळ हुती की," बजाबाई कौतुकानं म्हणाली. "कॉलेजात असली घाण न्यायची व्हय?"

वैष्णवीला हसावं की रडावं कळेना. "आणि मिरची?"

"कस्तुराबाईला दिली. कवाची मागत हुती."

वैष्णवी पळतच त्यांच्या परसात गेली. "काकू, लावताना मुळाची माती झाडलीत का हो?"

"झाडतंय कोण? हाय तशी लावली."

चिमूटभर माती घेऊन ती परतली. सगळ्या शेवाळात माती टाकावी, असं भीती सांगत होती. पण मग गुण जिवाणूंचा की नुसत्या मातीचा, हे कसं कळणार? तिनं छातीवर दगड ठेवून शेवाळाचे दोन भाग केले. एकात ती माती तशीच घातली, दुसऱ्यात चांगली उकळून.

उकळलेल्या मातीतलं पिवळंच राहिलं. दुसरं हळूहळू हिरवं झालं. वैष्णवीनं हिरव्या चंबूतले चार थेंब पिवळ्यात सोडले आणि भरल्या डोळ्यांनी आईला फोन लावला.

"आई, जगलं गं!"

पलीकडून बजाबाई हळूच म्हणाली, "मग आता ती कुंडी पुन्ना घाण कशी करायची, ते तरी सांग की."